मुलांच्या आहारातील कृत्रिम गोडी : भीती किती, काळजी कोठे?

एका तालुक्याच्या गावी शाळेच्या पालकसभेस उपस्थित राहण्याचा योग आला होता. सभेचा विषय होता ‘मुलांचा आहार’. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी साखरेच्या अतिसेवनाचे तोटे सांगितले. मुख्याध्यापकांनी शाळेत लावलेला तक्ता दाखविला. कोणत्या शीतपेयात किती चमचे साखर असते, याची चित्रे त्यावर होती. भाषणे संपल्यावर मागच्या रांगेतील एक माता उठून म्हणाली, “साहेब, साखरेने दात किडतात, वजन वाढते, हे समजले. म्हणून आम्ही बिनसाखरेचे सरबत आणले. आता शेजारी म्हणतात, त्यातल्या औषधाने कर्करोग होतो. मग पोराला द्यावे तरी काय?”

सभेत क्षणभर शांतता पसरली. प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. हाच प्रश्न आज अनेक गावांत आणि शहरांत विचारला जात आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून या विषयाची शास्त्रीय बाजू येथे थोडक्यात मांडली आहे.

गोडीचा इतिहास

साखरेपेक्षा कित्येक पटींनी गोड, परंतु शरीरास जवळजवळ ऊर्जा न देणाऱ्या पदार्थांना कृत्रिम मधुरके असे म्हणतात. वेष्टनावर त्यांचा उल्लेख बहुधा ‘स्वीटनर’ असा असतो. त्यांपैकी सर्वांत जुने सॅकरीन होय. १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्राध्यापक आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना त्याचा शोध लागला. काम आटोपून ते जेवावयास बसले असता हाताला लागलेल्या पदार्थामुळे पाव गोड लागला, असे सांगतात. सॅकरीन साखरेच्या सुमारे ३०० पट गोड आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात युरोपात साखरेची टंचाई निर्माण झाली, तेव्हा त्याचा वापर फार वाढला.

पुढे १९३७ मध्ये सायक्लामेट, १९६५ मध्ये अस्पार्टेम आणि १९६७ मध्ये असेसल्फेम-के यांचा शोध लागला. सुक्रालोजच्या शोधात एका भारतीय संशोधकाचा वाटा आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात शशिकांत फडणीस हे प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. क्लोरीनयुक्त शर्करेचे परीक्षण करावे, असे त्यांना सांगण्यात आले. ‘परीक्षण करा’ आणि ‘चव घ्या’ या अर्थांचे इंग्रजी शब्द उच्चाराने जवळचे असल्याने त्यांनी तो पदार्थ चाखूनच पाहिला, असे म्हणतात. साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड असे सुक्रालोज त्यातून जगापुढे आले. याखेरीज पॅराग्वे देशातील स्टेव्हिया या वनस्पतीच्या पानांतून काढलेले गोड द्रव्यही आता वापरात आहे. ते वनस्पतिजन्य असले, तरी त्याचा उपयोग इतर मधुरकांसारखाच होतो.

भीतीचा उगम

पालकांच्या मनातील भीती निराधार अफवांतूनच निर्माण झाली, असे म्हणता येणार नाही. उंदरांवरील प्रयोगांनंतर १९६९ मध्ये अमेरिकेने सायक्लामेटवर बंदी घातली. १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगांत सॅकरीनच्या मोठ्या मात्रेमुळे नर उंदरांच्या मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. त्यामुळे अमेरिकेत सॅकरीनवरही बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. मधुमेही रुग्णांनी त्यास तीव्र विरोध केला. अखेरीस तेथील संसदेने बंदी थोपवून वेष्टनावर इशारा छापण्याचा कायदा केला. पुढील संशोधनात असे दिसून आले की, उंदरांच्या लघवीची विशिष्ट रचना हे त्या गाठींचे कारण असून ती प्रक्रिया मनुष्यास लागू पडत नाही. त्यामुळे २००० मध्ये सॅकरीनचे नाव कर्करोगकारक पदार्थांच्या अमेरिकी यादीतून वगळण्यात आले आणि तो इशाराही काढून टाकण्यात आला.

अलीकडची चर्चा अस्पार्टेमविषयी आहे. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश ‘मनुष्यात कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा गटात, म्हणजे २-ब गटात केला. ही बातमी सर्वत्र पसरली. परंतु तिचा उत्तरार्ध फारच थोड्यांपर्यंत पोहोचला. हे गट धोका किती मोठा आहे, हे सांगत नाहीत. पुरावा किती बळकट आहे, एवढेच ते सांगतात. २-ब गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, असा होतो. आशियातील पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही याच गटात आहेत. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अस्पार्टेमच्या सेवनाची पूर्वीची मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही, असा निर्वाळा दिला.

मर्यादेचा हिशेब

ही मर्यादा काय आहे, हे शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. एखादा पदार्थ जन्मभर रोज घेतला तरी अपाय होऊ नये, अशा बेताने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ती ठरविलेली असते. अस्पार्टेमसाठी ती रोज ४० मिलिग्रॅम आहे. ७० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीस ती २,८०० मिलिग्रॅम होते. शीतपेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अस्पार्टेम धरले, तर मर्यादा ओलांडण्यास ९ ते १४ डब्यांहून अधिक पेय घ्यावे लागेल. एवढे कोणी घेत नाही, म्हणून चिंता नको, असे सांगितले जाते व प्रौढांपुरते ते बरोबरही आहे.

मुलांसाठी मात्र हा हिशेब निराळा पडतो. पहिली-दुसरीतील २० किलो वजनाच्या मुलाची मर्यादा ८०० मिलिग्रॅम होते. तिसऱ्या किंवा चौथ्या डब्यातच ती गाठली जाते. लग्नसमारंभात किंवा यात्रेत हे घडणे अशक्य नाही. एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली, तर मूल लगेच आजारी पडेल, असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रौढांना मिळणारी सुरक्षिततेची मोठी जागा मुलांच्या वाट्याला येत नाही. त्यातच अनेक पेयांत दोन-तीन मधुरके एकत्र वापरलेली असतात. मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य काढावयाचे असते आणि इतक्या दीर्घ सेवनाविषयीचे, बालपणापासूनचे संशोधन अद्याप अपुरे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१९ मधील आपल्या निवेदनात हीच उणीव दाखवून दिली आहे. युरोपीय संघात तीन वर्षांखालील मुलांच्या अन्नात मधुरके वापरण्यास मनाई आहे. पालकांच्या काळजीत तथ्य आहे ते एवढेच. त्यासाठी सावधगिरी बाळगावी. घाबरून जाण्याचे कारण नाही.

चंचलपणा आणि वजन

मधुरकांमुळे मुले चंचल होतात, त्यांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, अशीही तक्रार पालक करतात. १९९४ मध्ये अमेरिकेत ४८ बालकांवर झालेल्या एका काटेकोर अभ्यासात त्यांना तीन-तीन आठवडे अनुक्रमे साखर, अस्पार्टेम आणि सॅकरीन यांचा भरपूर समावेश असलेला आहार देण्यात आला. कोणता आहार केव्हा दिला, हे मुलांना वा पालकांना ठाऊक नव्हते. वर्तनात आणि आकलनात तिन्ही आहारांमुळे लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा वर्गातील चंचलपणाचे खापर मधुरकांवर फोडण्यापूर्वी मुलाची झोप, न्याहारी व दृष्टी यांची चौकशी करणे अधिक योग्य ठरेल.

वजनाच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. सुमारे पाच ते बारा वर्षे वयाच्या ६४१ मुलांपैकी काहींना रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय व इतरांना तेवढेच बिनसाखरेचे गोड पेय देण्यात आले. अठरा महिन्यांनंतर साखरेचे पेय घेणाऱ्यांचे वजन सरासरी ७.३७ किलोंनी, तर दुसऱ्या गटाचे ६.३५ किलोंनी वाढले. म्हणजे साखरेच्या पेयाचा भार सुमारे एक किलोचा पडला. यावरून मधुरके उपकारक ठरतात, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु या प्रयोगात तुलना दोन गोड पेयांची होती. साध्या पाण्याचा गट त्यात नव्हता.

पुढे मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मधुरकांचा वापर करू नये, अशी शिफारस केली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही. संघटनेचा रोख स्पष्ट आहे. साखर काढून तेथे दुसरी गोडी ठेवल्याने गोडाची चटक जात नाही. आहाराची एकूण गोडीच कमी केली पाहिजे. बालवयात जिभेला जे वळण लागते, ते पुढे मोडणे कठीण असते.

या ठिकाणी गूळ आणि मध यांचाही उल्लेख केला पाहिजे. साखर वाईट म्हणून मुलांना तितक्याच गोड प्रमाणात गूळ किंवा मध दिल्याने प्रश्न सुटत नाही. शरीराच्या दृष्टीने त्याही शर्कराच आहेत. एक वर्षाखालील बालकास तर मध मुळीच चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे गंभीर विषबाधा होण्याचा संभव असतो.

जेथे चूक महागात पडते

मधुरकांबाबत तीन प्रसंगी विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. या प्रसंगी गैरसमजामुळे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

पहिला प्रसंग फिनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकाराचा. हा विकार विरळ आहे. तो असलेल्या मुलाच्या शरीरात फिनिलअॅलनिन या घटकाचे विघटन होत नाही व त्याच्या साठ्यामुळे मेंदूस इजा होते. अस्पार्टेमपासून शरीरात हा घटक तयार होतो. म्हणून अशा मुलास अस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे.

दुसरा प्रसंग मधुमेही बालकाचा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने मधुरकांचा आधार मिळतो. कर्करोगाच्या ऐकीव भीतीपोटी त्याला पुन्हा साखरेकडे वळविणे हानिकारक होय. याउलट, अशा मुलाच्या रक्तातील साखर अकस्मात उतरली, त्याला घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तो गोंधळल्यासारखा वागू लागला, तर त्याला ताबडतोब खरी साखर किंवा ग्लुकोज द्यावे. त्या क्षणी बिनसाखरेचे पेय निरुपयोगी ठरते. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडावाटे काहीही न देता त्यास तातडीने दवाखान्यात न्यावे. ज्या वर्गात असा विद्यार्थी आहे, त्या वर्गशिक्षकांना ही माहिती असलीच पाहिजे.

तिसरा प्रसंग अतिसाराचा. जलसंजीवनीतील साखर चवीसाठी नसते. आतड्यातून मीठ आणि पाणी शरीरात शोषले जाण्यास ग्लुकोजची गरज असते. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वाच्या आधारे असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पाकीट न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून पाणी तयार करावे. साखरेऐवजी सॅकरीनची किंवा अन्य गोळी घातली, तर त्या पाण्याचा गुणच नाहीसा होतो.

वेष्टन वाचण्याची सवय

मधुरकांच्या वापरावर आपल्या देशात १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंध अधिनियमाखालील नियमांद्वारे नियंत्रण होते. आता अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील विनियम लागू आहेत. कोणते मधुरक कोणत्या पदार्थात व किती प्रमाणात घालता येईल, हे त्यांत ठरवून दिले आहे. वेष्टनावर मधुरकाचा उल्लेख करावा लागतो. पुष्कळदा नावाऐवजी क्रमांक छापलेला असतो. पुढील क्रमांक विद्यार्थ्यांकडून वहीत उतरवून घ्यावेत :

९५० — असेसल्फेम-के
९५१ — अस्पार्टेम
९५४ — सॅकरीन
९५५ — सुक्रालोज
९६० — स्टेव्हियातील गोड द्रव्य

‘साखर घातलेली नाही’ या शब्दांचा अर्थ पदार्थ गोड नाही किंवा हलका आहे, असा होत नाही. अशा बिस्किटात मैदा आणि तूप-तेल असतेच व त्यांची ऊर्जा शरीरास मिळतेच. दातांच्या बाबतीतही अर्धेच सत्य सांगितले जाते. मधुरकांमुळे दात किडत नाहीत, हे खरे. तथापि, फसफसणाऱ्या पेयातील आम्लामुळे दातांवरील कठीण आवरण झिजते, मग त्यात साखर असो वा नसो.

शाळेच्या दारात

वेष्टन वाचता येते, तेथवर ठीक. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या कित्येक वस्तूंना वेष्टनच नसते, किंवा असलेच तर त्यावर उत्पादकाचे नावही नसते. बर्फाचा गोळा, गारेगार, रंगीत सरबत यांत कोणती गोडी किती घातली आहे, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. सॅकरीन स्वस्त असते आणि चिमूटभर पुरते. त्यामुळे मोजमापाशिवाय त्याचा वापर होण्याचा संभव येथेच अधिक. शिवाय बर्फ व पाणी अशुद्ध असेल, तर त्यापासून होणारा अपाय दूरच्या काळातील नसून त्याच आठवड्यातील असतो.

गोड सुपारीची पुडी हे याहून गंभीर उदाहरण होय. २०११ च्या विनियमांत सुपारीसाठी सॅकरीनचे प्रमाण दहा लाख भागांत ४,००० भागांपर्यंत ठेवले होते. म्हणजे पाच ग्रॅमच्या पुडीत २० मिलिग्रॅमपर्यंत सॅकरीन असू शकते. संयुक्त तज्ज्ञ समितीने सॅकरीनची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम अशी ठरविली आहे. त्या हिशेबाने २० किलोच्या मुलाची मर्यादा पाच पुड्यांत भरते. पण येथे खरी चिंता सॅकरीनची नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्या सुपारीस २००४ मध्ये ‘मनुष्यात कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत’ अशा पहिल्या गटात घातले, ती सुपारीच मुलाच्या तोंडात गोडीच्या निमित्ताने जाते. अस्पार्टेमच्या बातमीने धास्तावलेले पालक मुलाच्या खिशातील सुपारीच्या पुडीकडे दुर्लक्ष करतात, हा विरोधाभास नजरेआड करून चालणार नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घालण्यात आली. पुढील आदेशांत सुगंधित सुपारीचाही समावेश झाला. त्या आदेशांचे खरे यश गावातील टपरीवरच ठरावयाचे आहे.

प्रत्येकाचा वाटा

शाळांतील व शाळांच्या परिसरातील अन्नाविषयी २०२० मध्ये केंद्रीय विनियम झाले आहेत. त्यांनुसार चरबी, मीठ किंवा साखर यांचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात, तसेच फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले आहे. इतर शाळांनीही स्वयंप्रेरणेने असे फलक लावावेत. मात्र त्यांवर साखरेच्या शेजारी मधुरकांचीही माहिती असावी. अन्यथा मुले साखरेच्या बाटलीकडून बिनसाखरेच्या बाटलीकडे वळतील आणि पाण्याचा माठ जागच्या जागीच राहील.

शिक्षकांनी महिन्यातून एकदा मुलांना घरातील रिकामी वेष्टने आणावयास सांगून ती वर्गात वाचून घ्यावीत. पालकांनी चहा-दुधातील साखर एकदम बंद न करता दर पंधरवड्यास थोडी थोडी कमी करावी. जीभ हळूहळू सरावते. ग्रामपंचायतीने शाळेतील पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ आणि भरलेली राहील, याकडे लक्ष द्यावे. तहानेल्या मुलास चांगले थंड पाणी मिळाले, तर निम्मा प्रश्न तेथेच मिटतो. निनावी किंवा संशयास्पद माल आढळल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयास कळवावे. नमुना घेऊन कारवाई करण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा आहे. गावकऱ्यांनी विक्रेत्याशी हुज्जत घालू नये. गोळेवाला, टपरीवाला हेही गावचेच असतात. त्यांना ग्रामसभेत बोलावून ताक, कोकम सरबत, लिंबूपाणी, उकडलेल्या शेंगा, पेरू, बोरे अशा वस्तू ठेवण्यास उत्तेजन दिले, तर त्यांचा धंदाही बुडणार नाही. सरबतात साखर बेताचीच असावी, एवढे पाहावे.

पालकसभेतील त्या मातेला डॉक्टरांनी दिलेले उत्तर येथे नमूद करणे उचित होईल. ते म्हणाले, “ताई, आणलेली बाटली मुलाने एखादे दिवशी घेतली, तर घाबरू नका. पण ती रोजची करू नका. रोजसाठी पाणी, दूध आणि फळ पुरेसे आहे. आणि आज घरी गेल्यावर त्याचे दप्तर आणि खिसे एकदा बघा.”

सभा संपल्यावर कित्येक पालक मुख्याध्यापकांच्या तक्त्याजवळ थांबले होते. तक्त्याच्या कोपऱ्यात खडूने एक नवी ओळ लिहिली गेली होती : ‘सुपारीची पुडी’.